ग्रुपवर वाघ, बैठकीत गाय

वाचकांचे प्रश्न

सातारा-सांगलीकडून या वेळी आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे: माणूस फोनवर एक आणि समोर दुसराच. पत्रं लांब होती, ती आटोपशीर केली आहेत. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

प्रश्न : आमची चोवीस फ्लॅटची सोसायटी आहे, मी सचिव. व्हॉट्सॲप ग्रुपवर पार्किंग आणि पाण्याच्या टाकीवरून रोज रणकंदन. एक सभासद रात्री अकराला लिहितात, ‘कमिटी झोपली आहे का? हिशोब द्या.’ तेच गृहस्थ सभेत पोह्यांची प्लेट हातात घेऊन गप्प बसतात, वर ‘छान चाललंय की तुमचं काम’ म्हणतात. यातलं खरं कुठलं धरायचं? (सचिव, विश्रामबाग, सांगली)

दोन्ही खरं, आणि दोन्ही अर्धवट. सभेत समोर तुमचा चेहरा असतो, शेजारच्या काकू असतात आणि उद्या जिन्यात गाठ पडणार हे पक्कं माहीत असतं. त्यामुळे तक्रार पोह्यांबरोबर गिळली जाते. रात्री अकराला समोर फक्त काच असते, मग तीच तक्रार फोडणी घालून बाहेर येते. ‘हिशोब द्या’ हा गाभा आणि ‘झोपली आहे का’ ही फोडणी. उत्तर गाभ्याला द्यायचं.

ऑनलाइन माणूस असा सैल का सुटतो, याची सहा कारणं जॉन सुलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं २००४ साली मांडली. नाव झाकलेलं असतं. चेहरा दिसत नाही. उत्तर लगेच येत नाही, त्यामुळे सुतळी बॉम्ब पेटवून खुशाल झोपायला जाता येतं. समोरच्याचा आवाज आपणच मनात लावून वाचतो. पडद्यावरचं सगळं खेळातलं वाटतं. आणि वयाचा, हुद्द्याचा मान पुसला जातो. तुमच्या ग्रुपवर पहिलं कारण लागूच नाही, तिथं सगळ्यांची नावं फ्लॅट नंबरासकट ठाऊक आहेत. तरी आग लागतेच. का, ते २०१२ साली हैफा विद्यापीठातल्या नोआम लापिडोट-लेफ्लर आणि अझी बराक यांच्या प्रयोगात दिसलं. त्यांनी १४२ जणांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीला एकाच औषधावरून संगणकावर वाद घालायला बसवलं. औषध एक, हवं दोघांना. कुठं नाव लपवलं, कुठं चेहरा, कुठं नजर. शिवीगाळ आणि धमक्या वाढण्यात सर्वांत मोठा वाटा निघाला तो नजरेला नजर न भिडण्याचा.

तेव्हा त्या गृहस्थांना सुधारायच्या मागे लागू नका. बैठकीची मांडणी बदला. ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘मेसेज फक्त ॲडमिन पाठवतील’ हा पर्याय लावा आणि तो ग्रुप निव्वळ सूचनांसाठी ठेवा: पाणी कधी येणार, लिफ्ट कधी बंद. तक्रारींसाठी वॉचमनच्या टेबलावर एक जाड वही ठेवा. पाच रकाने पुरेत: तारीख, फ्लॅट, तक्रार, कमिटीचं उत्तर, उत्तराची तारीख. वही कुणीही चाळावी, आणि तीन दिवसांत उत्तराचा रकाना भरलेला असावा. तो रिकामा राहू लागला की माणसं आठवड्याभरात पुन्हा फोनकडे वळतात, आणि मग दोष त्यांचा नसतो.

रात्री नऊनंतरच्या कुठल्याही मजकुराला रात्री उत्तर देऊ नका. सकाळी एकच वाक्य, तेही माहितीचं: ‘जमाखर्चाची वही शनिवारी सहा ते सात ऑफिसात पाहायला मिळेल.’ त्यावर प्रतिटोला आला तर आणखी एक उत्तर, शांतपणे. तिसऱ्या वेळी फोन खिशात ठेवून त्यांच्या दाराची बेल वाजवायची. निम्मी भांडणं उंबऱ्यावरच विरतात, कारण दारात आलेल्या माणसाला आपण आधी ‘या, बसा’ म्हणतो.

सभेचीही दुरुस्ती हवी. वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी निघते, त्याच दिवशी जिन्याखाली चिठ्ठ्यांची पेटी ठेवा. बिननावाची चिठ्ठी चालेल असं स्पष्ट लिहा. अध्यक्षांनी सभेत आधी चिठ्ठ्या वाचायच्या, मग विषयपत्रिका. खुर्च्या शाळेसारख्या रांगेत न लावता गोल लावा. रांगेत मागे बसलेला माणूस सभेला आलेला असूनही ग्रुपवरच असतो. प्रत्येकाला एक मिनिट, आणि सुरुवात ग्रुपवर सर्वांत कमी लिहिणाऱ्यापासून, कारण पहिले दोघे जो सूर लावतात तो पुढं टिकतो. पोहे शेवटी द्या. तोंड भरलेलं असलं की माणूस सहमतच होतो.

बिघडतं कुठं तेही सांगतो. वैतागून ग्रुप बंद करून टाकला की कमिटीला वगळून दुसरा ग्रुप त्याच रात्री निघतो. सभेत स्क्रीनशॉट वाचून दाखवला की तो माणूस एक तर कायमचा मुका होतो, नाही तर तिथंच बाही सरसावतो. ‘हिंमत असेल तर समोर बोला’ असं लिहिणं म्हणजे सचिवानंच फोडणी टाकणं.

जाता जाता एक. ‘सभासदानं काही वंगाळ लिहिलं तर ॲडमिन म्हणून मी अडकतो का?’ असंही तुम्ही विचारलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ साली दिलेल्या निकालानुसार, समान हेतू किंवा आधीच ठरवलेला बेत दाखवता आला नाही तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला फौजदारी जबाबदार धरता येत नाही. तरी असा मजकूर दिसल्यावर तो सर्वांसाठी डिलीट करण्याची सोय ॲडमिनला आहे, ती वापरावी.

प्रश्न : आम्हा चुलतभावांचा ग्रुप आहे. धाकट्यानं नवी गाडी घेतली, मी लिहिलं, ‘झालास की सावकार!’ त्यानं उत्तर दिलं नाही, दुसऱ्या दिवशी ग्रुप सोडला. समोर म्हटलं असतं तर खदखदून हसला असता. (कोरेगाव)

समोर त्या तीन शब्दांबरोबर काय काय गेलं असतं ते मोजा. ‘की’वरचा आपल्याकडचा हेल, तुमच्या डोळ्यांतलं हसू, पाठीवर थाप, आणि लगेच ‘पेढे काढ’. फोनवर गेले फक्त शब्द. हेल त्यानं स्वतःच्या मनातला लावला, आणि गाडीचा हप्ता कसा फेडायचा या विवंचनेत असलेल्या माणसाच्या मनातला हेल काही वेगळाच असतो.

हे मोजूनही पाहिलं गेलं आहे. अमेरिकेत जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही टोमण्यानं पाठवायला सांगितली. समोरच्याला शंभरात ७८ वेळा नेमकं कळेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाजातून पाठवलेली ७३ टक्के वेळा बरोबर ओळखली गेली. ईमेलनं पाठवलेली ५६ टक्के, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरी. गंमत अशी की वाचणाऱ्यांनाही आपल्याला बरोबरच कळलं याची खात्री होती. दोन्ही बाजूंना खात्री असते, म्हणूनच कुणी विचारत नाही.

मराठीत याला आणखी एक पदर आहे. आपले निम्मे अर्थ शेपटाच्या शब्दात असतात. ‘बरं’ एकटं आलं की तुटक, ‘बरं का’ मायेचं, ‘बरं बरं’ कटवणारं. ‘हो का’ हे कौतुक, आश्चर्य आणि कुचकेपणा अशा तिन्ही कामांना येतं. ‘शाब्बास’ लिहिताना तर दहादा विचार करावा. आणि सातारी शिवी तोंडी मायेनं दिली जाते, तीच लिहिली की नुसती शिवी उरते. अंगठ्याच्या चित्राचंही तसंच: वडीलधाऱ्यांच्या लेखी ‘मिळालं, वाचलं’, विशीतल्या पोरांच्या लेखी ‘विषय संपव’.

आता डागडुजी. ग्रुपवर खुलासा लिहू नका. फोन करा, आणि गाव जवळ असेल तर जाऊन या. ‘मी गमतीनं लिहिलं होतं’ हे पहिलं वाक्य नको, त्यात ‘तुला गंमत कळत नाही’ हा आरोप दडलेला असतो. ‘वाचताना लागलं असणार तुला, चुकलं माझं’ इथून सुरू करा, गाडीतून एक फेरी मारा, आणि ग्रुपमध्ये परत घेण्याचा विषय त्याच्याकडून निघू द्या.

पुढच्यासाठी: पाठवल्यापासून पंधरा मिनिटांत मेसेज दुरुस्त करता येतो, दुरुस्तीची खूण राहते पण अर्थ सावरतो. डिलीट केल्यावर मात्र ‘हा मेसेज डिलीट केला’ अशी पाटी मागे उरते आणि लोक मूळ मजकुरापेक्षा वाईट काहीतरी कल्पून घेतात. थट्टा आवाजात पाठवा, दहा सेकंदांची व्हॉइस नोट पुरते. पैसा, जमीन, लग्न आणि अंगयष्टी या चार विषयांवरची थट्टा लिहूच नये.

प्रश्न : मी बेदाण्याचा छोटा व्यापारी. सौद्यात चार लोकांसमोर दिलेला शब्द लोक पाळतात. तीच माणसं व्हॉट्सॲपवर ‘फायनल’ म्हणून दोन दिवसांनी फिरतात. फोनवर माणूस जास्त खोटं बोलतो का? (तासगाव)

कशावर बोलतो त्यावर अवलंबून आहे, आणि इथं दोन अभ्यास एकमेकांना काटतात असं वरवर दिसतं.

कॉर्नेल विद्यापीठात जेफ्री हँकॉक आणि सहकाऱ्यांनी २००४ साली विद्यार्थ्यांना आठवडाभर आपल्या संभाषणांची आणि खोट्या बोलण्याची नोंद ठेवायला लावली. टेलिफोनवरच्या ३७ टक्के संभाषणांत खोटं आलं, समोरासमोरच्या २७, चॅटवरच्या २१ आणि ईमेलच्या १४ टक्के. लिहिलेलं मागे राहतं, म्हणून माणूस जपतो. याच्या उलट, २०१० साली चार्ल्स नाकिन आणि सहकाऱ्यांनी पैसे वाटून घेण्याच्या खेळात पाहिलं की रक्कम किती आहे हे कागदावर पेनानं लिहिताना ६४ टक्के खोटं बोलले, ईमेलनं कळवताना ९२ टक्के. दोन्ही लिहिलेलंच! फरक एवढाच, की आपल्या हस्ताक्षरातलं आपलं वाटतं, टंकलेलं कुणाचंही वाटतं.

यार्डातल्या सौद्यात तीन गोष्टी एकत्र येतात: माल हातात, माणसं भोवती, आणि शब्द मोडला तर उद्या त्याच कट्ट्यावर यायचंय. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो तिथंही तोंडातून शब्द निघत नाही, पण पंजा पंजात असतो. व्हॉट्सॲपवर यातलं काहीच नाही, म्हणून तिथं ‘फायनल’चा अर्थ ‘सध्या तरी’ एवढाच होतो. फिरणारा माणूस दर वेळी लबाड असतो असंही नाही. बऱ्याचदा त्यानं फोटो पाहून भाव दिलेला असतो आणि माल पाहून मन बदललेलं असतं.

मग फोटो तरी धड पाठवा. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोवर भरवसा नको, तिथं हिरवा बेदाणा पिवळा दिसू शकतो. सकाळी दहाच्या आसपास, उन्हात नव्हे तर उन्हाच्या कडेच्या सावलीत, पांढऱ्या कागदावर मूठभर बेदाणा आणि शेजारी रुपयाचं नाणं. बॉक्सच्या वरचा थर न दाखवता मधून आणि तळातून हात घालून काढलेला. त्याबरोबर एका दमात काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. नमुना पाव किलोच्या दोन पाकिटांत भरा, दोन्हींवर तारीख आणि सही, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. माल पोचल्यावर ‘दाखवला तो हा नव्हे’ असं म्हणायला जागा उरत नाही.

व्यवहार बोलून ठरवा, लिहून पक्का करा. फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत एक मेसेज: माल कुठला, पंधरा किलोचे बॉक्स किती, किलोचा दर, वजन कुणाच्या काट्यावरचं, घट कुणाची, पैसे किती दिवसांत, आणि हा भाव कुठल्या तारखेपर्यंत. शेवटचं कलम सगळे विसरतात आणि भांडण तिथंच होतं. उत्तरात ‘ओके’ किंवा अंगठा आला तर थांबा. ‘तुमच्या शब्दांत एकदा टाका, म्हणजे माझं ऐकण्यात चुकलं नाही ना ते कळेल,’ असं म्हणा. शक्य असेल तिथं वहीच्या पानावर हातानं लिहून, सही करून त्याचा फोटो मागवा. चार ओळी स्वतः लिहिलेला माणूस सहसा फिरत नाही.

प्रश्न : मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. वर्गात ‘काही शंका?’ विचारलं की स्मशानशांतता. रात्री साडेदहाला ग्रुपवर प्रश्नांचा पाऊस, आणि प्रश्नही चांगले. (कराड)

प्रश्न चांगले येतात ही शुभवार्ता आहे. सुलर यांनी आडपडदा गळण्याची चांगली बाजूही सांगितली होती, ती हीच. ग्रुपवर मुलाला वाक्य जुळवायला, खोडायला, पुन्हा लिहायला वेळ मिळतो. वर्गात ‘काही शंका?’ म्हणजे ऐंशी जणांसमोर ‘मला कळलं नाही’ असं हात वर करून कबूल करणं.

आधी गप्प राहायला शिका. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत मोजलं: प्रश्न विचारून शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. मनात एक ते तीन सावकाश मोजा. पहिले काही दिवस ती शांतता अंगावर येते.

तास संपण्याआधी पाच मिनिटं थांबा. पाव पानावर प्रत्येकानं एक प्रश्न, बिननावाचा. दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलू द्या, मग गोळा करा. तीन तिथंच घ्या, बाकीच्यांनी उद्याचा तास सुरू करा. रात्रीच्या प्रश्नांना रात्री उत्तर देऊ नका, ‘उद्या पहिल्या पाच मिनिटांत घेते’ एवढंच लिहा आणि नाव न घेता वाचा. पंधरा-वीस दिवसांनी ग्रुपवर नेहमी विचारणाऱ्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, ‘उद्या तूच विचारशील?’ नाही म्हणाली तर विषय सोडा. ‘ग्रुपवर फार पोपट असतेस, इथं काय झालं?’ हे एक वाक्य वर्षभराची मेहनत घालवतं.

आणि मराठीत विचारायची मुभा द्या. कराड-पाटणच्या पट्ट्यातून येणाऱ्या अनेक मुलांना शंका मराठीत पडते आणि वर्ग इंग्रजीत असतो. ग्रुपवर ती मराठीत लिहून मोकळी होतात.

प्रश्न : ऑफिसात ‘मॅडम, मॅडम’ करणारा सहकारी रात्री नको ते मेसेज पाठवतो. सकाळी काही घडलंच नाही असा चेहरा. मीच जास्त विचार करतेय का? (मिरज)

नाही. वरच्या पत्रांतलं ‘फोनवर माणूस सैल होतो’ हे स्पष्टीकरण इथं लावू नका. सकाळी सभ्य राहता येतं, याचा अर्थ त्याला ताबा ठेवता येतो.

एकदाच, स्पष्ट, लेखी कळवा: ‘कामाव्यतिरिक्त मला मेसेज करू नका.’ ‘प्लीज’ नको, हसरा चेहरा नको, कारण नको. यानंतर एकही उत्तर नाही. याला कायद्यात वजन आहे. स्त्रीनं नापसंती स्पष्ट दाखवल्यावरही वारंवार संपर्क साधणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पुरावा त्याच दिवशी साठवा. चॅटमध्ये आपोआप नाहीसे होणारे मेसेज चालू आहेत का ते आधी पाहा. असतील तर लगेच स्क्रीनशॉट, ज्यात त्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसेल. नुसतं जतन केलेलं नाव पुरत नाही, ते कुणीही बदलू शकतं. मग चॅट ‘एक्स्पोर्ट’ करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. ब्लॉक करायचं ते यानंतर. तो फोन विकू, बदलू किंवा रीसेट करू नका. न्यायालयात प्रत दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि त्या वेळी मूळ फोन हाताशी असला तर काम सोपं होतं.

दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथं कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती बंधनकारक आहे. लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची, सहा प्रतींत, पुरावे आणि साक्षीदारांची नावं जोडून. समितीची वाट न पाहता पोलिसांकडेही जाता येतं.

प्रश्न : स्थळ पाहिलं, दोन महिने मेसेजवर बोललो, अगदी सूर जुळले. गणपती मंदिराबाहेर भेटलो तर दोघंही परके. फसवणूक झाली का? (मुलगी, सांगली)

बहुधा नाही. जोसेफ वॉल्थर यांनी १९९६ साली मांडलं होतं की लिहून बोलताना आपण स्वतःची निवडक बाजू दाखवतो आणि समोरच्यातल्या रिकाम्या जागा आपल्या आवडीनं भरतो. दोन महिने तुम्ही अर्धा तो आणि अर्धं तुमचं मन यांच्याशी बोलत होतात.

एका भेटीवर निकाल देऊ नका. आणखी दोन भेटी, प्रत्येकी तासाभराच्या, आणि बसून नको: आयर्विन पुलावर चाला, बाजारात काहीतरी विकत घ्या. रिक्षावाल्याशी, वेटरशी तो कसा बोलतो ते मेसेजमध्ये कधीच दिसलं नसतं. पुढं कुठलंही स्थळ असो, पंधरा दिवसांच्या आत व्हिडिओ कॉल आणि शक्यतो महिन्याच्या आत भेट. कॉल टाळणारा, भेट लांबवणारा आणि मध्येच पैसे मागणारा असेल तर सूर जुळण्याचा विषयच नाही. पैसे गेले असतील तर तासाभराच्या आत १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन.

प्रश्न : पाहुण्यांच्या पाया पडणारा माझा पंधरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या नावाच्या अकाउंटवरून घाणेरड्या कमेंट करतो हे कळलं. संस्कार कमी पडले का? (फलटण)

स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना आधी सोपी किंवा अवघड कोडी दिली, म्हणजे काहींचं डोकं तापलं. मग एका लेखाखाली मत लिहायला सांगितलं. काहींना आधीच्या कमेंट सभ्य दिसल्या, काहींना वाईट. डोकं शांत आणि कमेंट सभ्य, तेव्हा ३५ टक्के लोकांनी खोडसाळ लिहिलं. डोकं तापलेलं आणि वर घाण, तेव्हा ६८ टक्के. माणसं साधीच होती.

त्यामुळे त्याला ‘का केलंस’ विचारू नका, ‘कधी केलंस’ विचारा. कुठल्या दिवशी, किती वाजता, त्याआधी काय झालं होतं, आणि त्याखाली आधीच काय लिहिलेलं होतं. दोघंच असताना, आजी-आजोबांसमोर नको. कमेंट त्यानं स्वतःच्या हातानं पुसायच्या, अकाउंट स्वतःच बंद करायचं. कमेंट ओळखीच्या मुलीबद्दल असेल तर पालकांसह जाऊन माफी मागायची. हा भाग टाळू नका, कारण समोरचा चेहरा पाहणं हीच इथली शिकवण आहे. फोन हिसकावला तर तिसरं अकाउंट मित्राच्या फोनवरून निघतं.

रात्री दहानंतर घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, वडिलांचाही. एकट्या पोराला नियम लावला की तो शिक्षा होतो. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायची रीत पाडली, ती सगळ्या गावाला लागू होती म्हणूनच जमली.

प्रश्न : सर्वांना खऱ्या नावानं लिहायची सक्ती केली तर शिवीगाळ थांबेल ना? (विटा)

बहुधा नाही. दक्षिण कोरियानं करून पाहिलं. २००७ साली मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पटवण्याची सक्ती आली. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या संकेतस्थळावरून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, आणि २०१२ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयानं ती सक्ती रद्द केली. डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठातले अलेक्झांडर बोर आणि मायकेल पीटरसन यांनी तर २०२२ साली दाखवलं की राजकारणावरून ऑनलाइन अंगावर येणारी माणसं समोरही तशीच असतात. पडद्यावर ती फक्त जास्त लोकांना दिसतात. चावडीवरचा एक भांडखोर चार जणांना ऐकू जायचा, आता तो हजारभर सभासदांच्या ग्रुपवर असतो.

प्रश्न : ग्रुप गुपचूप सोडता येतो का? (शाहूपुरी, सातारा)

येतो. बाहेर पडल्याची सूचना आता फक्त ॲडमिनला जाते. पण ग्रुपच्या माहितीत खाली ‘आधीचे सदस्य’ पाहिले तर साठ दिवस तुमचं नाव दिसतं. नातेवाइकांचा ग्रुप असेल तर आधी एका वडीलधाऱ्याला फोन करून ‘फोन भरतोय, म्हणून निघतोय’ सांगा. निघायचं नसेल तर म्यूट आणि अर्काइव्ह करा, ते कुणालाच कळत नाही. ॲडमिन तुम्हीच असाल तर आधी दुसऱ्या कुणाला ॲडमिन करून मग निघा, नाही तर व्हॉट्सॲप कुणाला तरी आपसूक ॲडमिन करतं, आणि तो बहुधा नेमका नको तोच निघतो.